अंगणातले पाणी : आधी कुंपण, मग विमा



या पानावर आपण नेहमी बेणे, लागण, खोडवा, खते यांविषयी बोलतो. आज पाण्याविषयी बोलायचे आहे, पण सरीतल्या पाण्याविषयी नाही. आपल्या भोर-वेल्हे भागात अलीकडे घराच्या अंगणात, फार्महाऊसवर आणि कृषी पर्यटनाच्या ठिकाणी जमिनीवर उभे केलेले पोहण्याचे हौद दिसू लागले आहेत. लोखंडी पाईपांची चौकट, तिला जाड प्लास्टिकचे कापड आणि आत गुडघ्यापासून छातीपर्यंत पाणी. जोडीला प्लास्टिक अंथरलेली शेततळी आहेतच. दोन्हीकडचे पाणी दिसायला निळेशार, पण दोन्ही ठिकाणी थोड्या निष्काळजीपणाने मोठा घात होऊ शकतो.

हा विषय घ्यायला एक कारण घडले. गेल्या मे महिन्यात गुंजवणीकाठच्या एका गावात खोडव्याची पाहणी करून आमच्या गटाच्या चिटबॉयबरोबर एका सभासदाच्या घरी चहाला थांबलो. अंगणात असाच एक निळा गोल हौद होता. मुलगा नोकरीनिमित्त शहरात असतो, सुट्टीला नातवंडे येणार म्हणून त्याने तो पाठवून दिला होता. आजी कौतुकाने सांगत होत्या, "सकाळपासनं पोरं नुसती पाण्यात. आत्ता कुठं जेवायला आत बसलीत."

चहा संपत आला तेव्हा आजींनीच विचारले, "धाकटी कुठाय रं?"

धाकटी तीन वर्षांची. हौदाच्या पलीकडच्या अंगाला ठिबकच्या जुन्या नळ्यांची वेटोळी रचून ठेवली होती, त्यावर टोमॅटोचा एक रिकामा क्रेट. पोरगी त्यावर चढून हौदाच्या कडेवर पोटावर ओणवी झाली होती आणि आत तरंगणाऱ्या चेंडूकडे हात लांबवत होती. पाय क्रेटवरून सुटलेले. तिच्या काकाने दोन ढांगांत जाऊन फ्रॉकला धरून तिला खाली ओढले. पोरगी रडली ती चेंडू मिळाला नाही म्हणून. आम्ही मोठी माणसे मात्र बराच वेळ काही बोललो नाही.

आजी म्हणाल्या, "कड तर माझ्या छातीला लागते. पोर चढंल असं मनात तरी येतं का?"

निघताना सभासदांनी विचारले, "साहेब, ह्याचा काही विमा निघतो का?" त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. मग बँकेत, विमा कचेरीत आणि तालुका कृषी कार्यालयात चौकशी केली. त्याचे उत्तर म्हणजे हा लेख. थोडक्यात सांगायचे तर विमा निघतो, आणि तो काढावाच. पण त्या तीन वर्षांच्या पोरीला पुरेल असा विमा नाही. तिचा विमा म्हणजे कुंपण.

उंच कड म्हणजे कुंपण नव्हे

जमिनीत खणलेली विहीर धोक्याची, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. कठडा नसलेल्या विहिरीकडे पोर गेले तर चार माणसे ओरडतात. हौदाचे तसे नाही. त्याची कड जमिनीवर उभी असते, म्हणून आपल्याला वाटते की भिंत आपोआपच झाली. हाच समज फसवा आहे.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत असे सुमारे ५० लाख हौद सदोष म्हणून जाहीर करावे लागले. हे सारे ४८ इंच किंवा त्याहून उंच, म्हणजे चार फूट आणि वर. चौकटीचे खांब आवळून धरणारा पट्टा खांबांच्या बाहेरून फिरवलेला होता. त्या पट्ट्यावर पाय ठेवून लहान मुले कडेवर चढू शकत होती. २००७ ते २०२२ या काळात अशा प्रकारे नऊ मुले बुडाल्याचे तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने सांगितले. वये २२ महिने ते ३ वर्षे. म्हणजे आजींच्या नातीएवढीच.

तिथे पट्टा होता, आपल्याकडे नळ्यांचे वेटोळे होते. आपल्या अंगणात तर पायरीला काही कमी नाही. क्रेट, खताच्या पिशव्यांची थप्पी, मोटारीची पेटी, पेंढीचे भोत, उलटी ठेवलेली बादली, हौदाला टेकवलेली बाज. हौदाची शिडी तर कंपनीच बरोबर देते, आणि ती रात्रंदिवस लावलेलीच राहते. चार फुटांची कड दीड फुटाच्या क्रेटने अडीच फुटांची होते.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यात घरच्या तलावात ३० सेंटिमीटर, म्हणजे फूटभर, पाणी मावत असले तरी भोवती निदान १.२ मीटर उंचीचे कुंपण घालावे लागते, मग तो जमिनीत असो की जमिनीवर. फ्रान्समध्ये २००३ साली घरगुती तलावांसाठी सुरक्षेचा कायदा झाला, पण तो जमिनीत बांधलेल्या तलावांना लागू आहे. जमिनीवर उभ्या केलेल्या हौदांना नाही. कायदा कुठे आहे, कुठे नाही. पाण्याला त्याचे सोयरसुतक नसते.

बुडणारा ओरडत नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. त्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा. आपल्या देशातही बुडून मरणाऱ्यांची संख्या वर्षाला ३८ हजारांच्या घरात जाते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ पासून २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून ठरवला आहे, तो उगाच नव्हे.

आपल्या भागाला हे नवे नाही. मे २०२२ मध्ये भाटघर धरणाच्या पाण्यात एकाच कुटुंबातल्या पाच तरुण स्त्रिया बुडून गेल्या. ती आठवण भोर तालुका विसरलेला नाही. त्यानंतर धरणाच्या कडेला गेले की माणूस दोन पावले मागे राहतो. पण अंगणातल्या हौदाला कोणी भीत नाही.

सिनेमात बुडणारा माणूस हात वर करतो, हाका मारतो. प्रत्यक्षात तसे होत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असताना हाक मारायला श्वासच उरत नाही. लहान मूल तर दगडासारखे गुपचूप खाली जाते. दोन-तीन मिनिटांत शुद्ध हरपते, आणि पुढच्या चार-पाच मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. म्हणजे एक कप चहा, एक फोन किंवा डेअरीवर दूध घालून येणे, एवढा वेळ पुरे. आणि मुलाला बुडायला छातीभर पाणी लागत नाही, वीतभरही पुरते.

आपल्या पिढीची पोरे पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली. वर काठावर चुलता दोर धरून बसलेला असे. सुट्टीला पुण्या-मुंबईहून येणाऱ्या मुलांना पोहणे येतेच असे नाही, आणि काठावर बसणारा चुलता आता मोबाईलमध्ये असतो. फरक एवढाच, पण तो जीवावरचा आहे.

हौद बसवताना

पहिली गोष्ट वजनाची. पंधरा फूट व्यासाचा आणि चार फूट उंचीचा हौद घेतला तर त्यात सोळा-सतरा हजार लिटर पाणी मावते. म्हणजे सोळा-सतरा टन वजन. एक ट्रक ऊस अंगणात उभा केल्यासारखे झाले. ट्रक उतरणीवर लावताना चाकाला दगड लावतो, पण हौदाखालची जमीन कोणी पाहत नाही. आपल्या डोंगराळ भागात अंगणाला उतार असतो. जमीन एका बाजूला खचली की सगळा भार तिकडच्या खांबांवर येतो, चौकट वाकते आणि पाणी एकदम बाहेर पडते. त्या लोंढ्यात लहान पोर उभे राहू शकत नाही. पाण्याच्या ताकदीविषयी पानशेतच्या मुलखातल्या माणसांना मी काय सांगणार! १२ जुलै १९६१ हा दिवस आपण सगळेच जाणतो.

म्हणून जागा निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) जमीन पाणसळीने तपासून सपाट करावी. नुकत्याच टाकलेल्या भरावावर, ताल किंवा बांधाच्या काठावर हौद लावू नये. उंच भाग खोदून खाली आणावा, सखल भागात माती ओढून सपाटी करू नये.

२) गच्चीवर हौद कदापि लावू नये. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भार धरून केलेला असतो. फूटभर पाणी म्हणजेच तीनशे किलो. अडीच फूट पाणी भरले की साडेसातशे. याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

३) हौदावरून विजेची तार जात नसावी. विहिरीच्या मोटारीची उघडी जोडवायर जवळून नेलेली नसावी.

४) स्वयंपाकघरातून किंवा ओटीवरून हौद सरळ दिसावा. घरामागे, गोठ्याच्या आड लावलेला हौद पाहायला कोणी मुद्दाम जात नाही.

५) मृगाच्या आधी हौद रिकामा करून, कापड वाळवून, घडी घालून ठेवावा. वेल्ह्याच्या पावसात आणि वाऱ्यात तो उभा ठेवण्यात शहाणपण नाही. शिवाय साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास होतो.

वापरताना

१) कुंपण : हौदापासून निदान तीन-चार फूट अंतर सोडून चारी बाजूंनी चार फूट उंचीचे कुंपण घालावे. तारेची बारीक जाळी उत्तम. बांबूचे करायचे तर कामट्या उभ्या आणि जवळजवळ लावाव्यात, आडव्या कामट्यांची शिडी होते. फाटक बाहेर उघडणारे, सोडले की आपोआप बंद होणारे असावे आणि कडी मोठ्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर आतल्या बाजूने असावी.

२) पायरी नको : कुंपणाच्या आणि हौदाच्या जवळ चार फुटांपर्यंत एकही वस्तू ठेवू नये. पोहणे संपले की शिडी काढून कुलुपात ठेवावी. चेंडू, बदक, फुगवलेली चक्रे पाण्यात सोडून जाऊ नये. मूल पाण्याला भुलत नाही, खेळण्याला भुलते.

३) राखणदार : मुले पाण्यात असतील तोवर एका मोठ्या माणसाने हौदाशेजारी बसावे. तो माणूस नाव घेऊन ठरवलेला असावा. "सगळे आहेत की तिथे" याचा अर्थ कोणीच नाही असा होतो. पाच वर्षांखालचे मूल हाताच्या अंतरावर असावे. राखणदार उठला तर दुसऱ्याला सांगून उठावे. दारू घेतलेल्या माणसाने राखणही करू नये आणि पाण्यातही उतरू नये. हवेचे चक्र किंवा दंडाला बांधायचे फुगे म्हणजे राखणदार नव्हे.

४) उडी नाही : या हौदात सूर मारू नये. कमी खोलीच्या पाण्यात डोके तळाला आपटून मान मोडते आणि माणूस जन्माचा अंथरुणाला खिळतो. तसा फलक लावावा.

५) वीज : गाळणीच्या पंपाला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा ई. एल. सी. बी. हवाच. मुले पाण्यात असताना पंप बंद ठेवणे सर्वांत चांगले. पाणी ओढणाऱ्या तोंडाची जाळी निघालेली असेल तर हौद वापरू नये. अमेरिकेत २००२ साली सात वर्षांची एक मुलगी अशा ओढीला चिकटून बुडाली आणि पुढे २००७ साली तिच्या नावाने कायदा झाला. केस मोकळे सोडून मुलींना पाण्यात जाऊ देऊ नये, ते याचसाठी.

६) औषध : टी. सी. एल. पावडर मोजून, बादलीत कालवून, मुले पाण्यात नसताना टाकावी. ती ॲसिडजवळ, डिझेलजवळ किंवा खताच्या खोलीत ठेवू नये. टी. सी. एल. आणि ॲसिड एकत्र आले की विषारी वायू होतो. हौदाचे पाणी टाकून द्यायचे झाल्यास दोन-चार दिवस औषध न घालता उन्हात राहू द्यावे आणि मग उसाला सोडावे. तेवढेच पाणी कारणी लागेल. मात्र त्या दोन-चार दिवसांतही फाटकाची कडी लावलेली असावी.

शेततळ्याचे वेगळे

हौदाबद्दल जे सांगितले ते शेततळ्यालाही लागू आहे, पण शेततळे त्याहून घातकी. अनुदानातून झालेली तळी १५ बाय १५, २० बाय २०, ३० बाय ३० मीटर अशा मापाची आणि तीन मीटरपर्यंत खोल असतात. बांध जमिनीच्या वर येतो, त्यामुळे बाहेरून आतले पाणी दिसत नाही आणि मुले पाहायला वर चढतात. आतली बाजू उतरती, त्यावर ५०० मायक्रॉनचे प्लास्टिक, त्यावर शेवाळाचा थर. एकदा पाय घसरला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. पकडायला काही नसते.

म्हणून बांधाभोवती जाळीचे कुंपण आणि कुलपाचे फाटक करावे. चारी बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर काठावरच्या भक्कम खुंट्याला बांधून तळापर्यंत सोडावा. जुन्या टायरी दोराला ओवून सोडल्यास पाय ठेवायला जागा होते. काठावर हवा भरलेली मोठी ट्यूब, रिकामे बंद कॅन आणि लांब बांबू कायम ठेवावा. खर्च फार नाही. प्लास्टिकच्या खर्चापुढे तर काहीच नाही. मोटारीचा फूटव्हॉल्व्ह काढायला किंवा शेवाळ धुवायला एकट्याने उतरू नये. कमरेला दोर आणि काठावर दुसरा माणूस असावा.

हंगामात तोडीच्या टोळ्या आपल्याच शिवारात उतरतात. आई-बाप पहाटेच फडात जातात आणि कोपीत सात-आठ वर्षांची बहीण धाकट्याला सांभाळते. टोळीच्या कोप्या शेततळ्याजवळ उभारू देऊ नयेत. ती पोरे सभासदांची नसली तरी पाणी सभासदाचे आहे.

कोणी पडलेच तर

पोहता येत असले तरी लगेच उडी घेऊ नका. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, असे एकाच घरातले तिघे गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचतो. दोर, बांबू, कॅन, धोतर, साडी, जे हाताला येईल ते फेका. आडवे झोपून ओढा.

बाहेर काढल्यावर पोट दाबणे, उलटे धरणे, डोक्यावर घेऊन फिरवणे हे सगळे बंद करा. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले पाणी उलट फुफ्फुसात जाते. श्वास चालत नसेल तर सपाट जमिनीवर उताणे निजवून, हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून आधी तोंडाने श्वास द्या. मग छातीच्या मध्यभागी जोराने आणि भरभर तीस दाब, पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस दाब. दाबाचा वेग मिनिटाला शंभर ते एकशेवीस. हे चालू असतानाच दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. मूल शुद्धीवर येऊन बोलू लागले तरी दवाखान्यात न्यावेच. काही तासांनी श्वास पुन्हा अडू शकतो.

आता विम्याचे

सभासदांनी विचारलेल्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर असे :

१) गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना : पूर्वी हा विमा होता, एप्रिल २०२३ पासून शासन स्वतः अनुदान देते. हप्ता नाही. सात-बारावर नाव असलेला खातेदार आणि त्याच्या कुटुंबातील खातेदार नसलेली एक व्यक्ती, म्हणजे आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलगा किंवा अविवाहित मुलगी यांपैकी एक, यांना संरक्षण आहे. पाण्यात बुडून मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. मात्र वयाची अट १० ते ७५ वर्षे. तीन वर्षांची नात यात बसत नाही, टोळीतले मूल बसत नाही आणि सुट्टीला आलेला भाचाही बसत नाही. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तीस दिवसांच्या आत द्यावा. सात-बारा, मृत्यूचा दाखला, वारसाची नोंद, वयाचा पुरावा, पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल ही कागदपत्रे लागतात. दुःखाच्या घाईत पंचनामा आणि शवविच्छेदन न करता अंत्यविधी उरकला, तर पुढे काहीच हाती लागत नाही. हे कठोर वाटेल, पण भावकीतल्या एका शहाण्या माणसाने तेवढे लक्षात ठेवावे.

२) प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना : २०१५ साली सुरू झाली. जून २०२२ पासून वर्षाला २० रुपये बँक खात्यातून कापले जातात. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यूला किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हातपाय गेल्यास दोन लाख. मुदत १ जून ते ३१ मे. हप्त्याच्या वेळी खात्यात शिल्लक नसेल तर विमा बंद पडतो. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा हा विमा असलाच पाहिजे. पण इथेही मुले नाहीत.

३) घराचा विमा : 'भारत गृह रक्षा' या नावाची पॉलिसी एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. ती आग, भूकंप, पूर, वादळ यांत घराचे आणि सामानाचे नुकसान भरून देते. तुमच्या हौदात शेजाऱ्याचे मूल बुडाले तर त्याची भरपाई तिच्यात नाही.

४) जबाबदारीचा विमा : आपल्या जागेत दुसऱ्याला इजा झाली आणि कोर्टाने भरपाई द्यायला सांगितली, तर ती देणारा विमा वेगळा घ्यावा लागतो. त्याला पब्लिक लायबिलिटी विमा म्हणतात. कृषी पर्यटनाचे केंद्र चालवणाऱ्या सभासदाने तो घेतल्याशिवाय पाहुण्यांना पाण्यात उतरू देऊ नये. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले, त्याप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करून घ्यावी. प्रस्तावाच्या फॉर्मवर हौद किंवा शेततळे आहे असे स्वच्छ लिहावे. लपवले तर वेळेला कंपनी दावा नाकारते. आणि अशा पॉलिसीत मालकाने वाजवी काळजी घेतली पाहिजे अशी अट असते. कुंपण नाही, राखणदार नाही, तर कागद हातात असून उपयोग नाही.

५) कायदा : पाहुण्यांकडून पैसे घेतले की ती सेवा झाली, आणि ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो. "आपापल्या जबाबदारीवर पोहावे" एवढा फलक लावून मालक सुटतोच असे नाही. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पॉलिसी पैसे भरील, कैद भोगायला कोणी येत नाही.

सगळा हिशेब पाहिला की एक गोष्ट उघड होते. विम्याची वये १० पासून आणि १८ पासून सुरू होतात. अंगणातल्या पाण्यात जायचा सगळ्यांत जास्त धोका असलेली पोरे त्याच्या खालची. त्यांच्यासाठी शासनाने, बँकेने किंवा कंपनीने ठेवलेली रक्कम शोधत बसण्यात अर्थ नाही, आणि ती मिळाली असती तरी कोणत्या आईने घेतली असती? म्हणून मोठ्यांसाठी विमा काढा, पाहुण्यांसाठी विमा काढा, आणि लहानांसाठी कुंपण घाला. तेही आधी.

ज्या सभासदांकडे हौद किंवा शेततळे आहे त्यांनी हा अंक खाली ठेवण्यापूर्वी एकदा उठून त्याभोवती फेरी मारावी. तीन वर्षांच्या मुलाच्या उंचीवर वाकून पाहावे, की इथून वर जायला पाय कुठे ठेवता येईल. जे सापडेल ते तेव्हाच उचलावे. शंका असेल तर गट ऑफिसला सांगावे. पाहणीला येऊ तेव्हा उसाबरोबर तेही पाहू.

त्या घरी परवा पुन्हा जाणे झाले. नळ्यांची वेटोळी गोठ्याच्या माळ्यावर गेली होती. हौदाभोवती जाळी लागली होती, फाटकाला वर कडी होती. आमच्या देखत धाकटी तुरुतुरु आली, दोन्ही हातांनी फाटक धरून गदागदा हलवले, उघडेना म्हणून आजीकडे तक्रार घेऊन गेली. आजी म्हणाल्या, "रडू दे. रडती तवर बरं हाय."

आपला,
ऊस विकास अधिकारी